पाय थकल्यावर

धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी कुत्रा सोडला नाही, ही महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील कथा मी गेली चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो आहे. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडलेली, पुढे इंद्राचा रथ उभा, आणि मागे उरलेला एक कुत्रा. इंद्र सांगतो की कुत्र्याला वर जागा नाही, त्याला इथेच टाक. धर्मराज रथाकडे पाहत नाही, कुत्र्याकडे पाहतो. कीर्तन या ठिकाणी आले की मृदंग आपोआप हळू होतो आणि श्रोते डोळे पुसू लागतात. मीही पुष्कळ वेळा पुसले आहेत.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या सप्ताहात हीच कथा सांगून मी घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातल्या वस्तीवर गेलो, तर आमचा सालगडी म्हणाला, "महाराज, काल धर्मराजाच्या कुत्र्याची गोष्ट लई ग्वाड सांगितली. पर आपला हरण्या तीन दिस झालं उठंना झालाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या, एवढेच. पण त्या दोन गोष्टींच्या मध्ये मी उभा होतो, आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्या दिवसापासून जे शिकलो, ते आज वारकरी मायबापांपुढे ठेवतो. यात कुणाला उपदेश करण्यापेक्षा माझाच हिशेब अधिक आहे.

हरण्या हा माझ्या थोरल्या बंधूंचा, दादांचा कुत्रा. मुधोळ, कारवान अशा नावांनी ओळखली जाणारी जी आपल्या दख्खनची शिकारी जात, त्यातला. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि हरणासारखे पाय. ही कुत्री वासापेक्षा नजरेवर धावतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या जातीला आश्रय दिला, आणि 2005 साली भारत सरकारने तिचे टपाल तिकीटही काढले. विलायतेतला ग्रेहाउंड म्हणतात तो याच घडणीचा. दादांनी त्याला पिल्लू असताना मुधोळहून मांडीवर बसवून आणले. माळ घातल्यावर शिकारीचे नाव त्यांनी सोडले होते. हा आणला तो द्राक्षबागेच्या राखणीला. नऊ वर्षे त्याने राखण केली. रात्री बागेत रानडुक्कर शिरले की अंधारातून बाण सुटावा तसा तो सुटत असे. पुढे दादा वारले. मी कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडणारा. हरण्या वस्तीवरच राहिला. त्याला भाकरी मिळत होती, पाणी मिळत होते. मी मनाशी म्हणत होतो, चालले आहे ठीक.

आता जवळ जाऊन पाहिले. कोपरांवर जखमा, त्यांवर माशा. तोंडाला घाण येत होती. पाठीचा कणा वर आलेला. मी हाक मारली तेव्हा त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, पण पुढचे पाय काही उचलले नाहीत. मी त्याला कुठे सोडले नव्हते, हाकलले नव्हते, विकले नव्हते. तरी तो टाकलेलाच होता. घरात ठेवूनही टाकता येते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळले.

धर्मराजाच्या उत्तराचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने लागला. तो इंद्राला सांगतो की जो आपल्यावर भक्ती ठेवून आश्रयाला राहिला त्याचा त्याग, हे पातक शरणागताला शत्रूच्या हाती देण्यासारखे, मित्राचा द्रोह करण्यासारखे आहे. मूळ शब्द 'भक्तत्याग' असा आहे. आपण वारकरी भक्त हा शब्द नेहमी आपल्याकडे लावतो, आणि देवाने आपला त्याग करू नये अशी विनवणी करतो. पण आपल्याही दाराशी कुणी भक्त असतो, आणि तिथे त्यागायचे की सांभाळायचे हे आपल्या हातात असते, याचा विचार आपण किती वेळा करतो?

माझा भाचा इंग्लंडात मँचेस्टरजवळ राहतो. त्याच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली एक ग्रेहाउंड कुत्री आहे. मी फोनवर हरण्याची अवस्था सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मामा, इकडं या कुत्र्यांचं म्हातारपण हा केवढा मोठा प्रश्न होऊन बसलाय, तुम्हाला कल्पना नाही." मग त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. 1926 च्या जुलै महिन्यात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याची इंग्लंडातली पहिली शर्यत झाली, आणि बघता बघता तो लाखोंचा खेळ झाला. हा कुत्रा तासाला साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगाने धावतो. पण शर्यतीत धावण्याचे त्याचे वय फार तर दोन-तीन वर्षांचे. चार-पाच वर्षांचा झाला की संपले. आणि आयुष्य असते दहा-बारा वर्षांचे. म्हणजे धावणे आयुष्याच्या पहिल्या भागात, आणि उरलेले मोठे आयुष्य कुणाच्या तरी दयेवर. त्या दयेचे काय झाले? 2006 साली डरहॅम परगण्यातील एक प्रकार वर्तमानपत्राने उजेडात आणला. थोडे पैसे घेऊन एक माणूस अशी निकामी कुत्री मारून पुरत होता, आणि हे वर्षानुवर्षे चालले होते. पैसे देऊन कुत्री पोचवणारे मालक होतेच ना! ज्यांच्या पायांवर पैसा लावला, ते पाय मंद होताच ही गत.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच देशात 1975 पासून या निवृत्त कुत्र्यांना घरे मिळवून देणारी संस्था काम करते आहे, आणि माझ्या भाच्यासारखी हजारो कुटुंबे त्यांना दारात नव्हे, घरात ठेवतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 2018 साली लोकांनी मतदान करून या शर्यतींना बंदी घातली. 2020 अखेर तिथली मैदाने थांबली. तेव्हा कलियुग म्हणून सगळ्यांना एका दोरीत बांधण्यात अर्थ नाही. कृतघ्न आणि कृतज्ञ हे दोन्ही एकाच गावात राहतात. कधी कधी एकाच माणसात राहतात. मी माझ्यावरून सांगतो.

भाच्याने मला एक खरमरीत गोष्ट सुनावली. म्हणाला, "मामा, तुम्हाला वाईट वाटलं हे चांगलंच झालं. पण त्यानं हरण्याच्या कोपराची जखम बरी होणार नाही." तेव्हा आता थोडे व्यवहाराचे. दया मनात असून भागत नाही, ती हाताला यावी लागते. या जातीची म्हातारी कुत्री ज्यांच्याकडे असतील त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून पशुवैद्यांनी आणि भाच्याने सांगितलेले, आणि मी दीड वर्ष करून पाहिलेले, येथे देतो.

पहिले अंथरूण. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि कातडी कागदासारखी पातळ. इतर कुत्रा फरशीवर सुखाने लोळतो. याच्या कोपरांना आणि खुब्यांना तीच फरशी खाते. जाड वाकळ, वर धुतलेले पोते, आणि दोन्ही रोज उन्हात. थंडीत अंगावर झूल, उन्हाळ्यात गार सावली. घरात गुळगुळीत फरशी असेल तर चालण्याच्या वाटेवर पोती अंथरावीत. म्हातारपणी एकदा घसरला की तो चालायलाच भितो.

दुसरे दात. या जातीचे दात आणि हिरड्या लवकर बिघडतात. तोंडाची घाण म्हणजे म्हातारपण नव्हे, तो आजार आहे. दात साफ करण्यासाठी भूल द्यावी लागते, आणि इथे एक सावधगिरी हवी. या घडणीच्या कुत्र्यांच्या अंगात भुलेची काही औषधे फार वेळ रेंगाळतात. म्हणून डॉक्टरांना आधीच जात सांगावी. ग्रेहाउंडच्या रक्ताच्या तपासणीचे आकडेही इतर कुत्र्यांहून वेगळे असतात. जाणता डॉक्टर ते ध्यानात घेऊनच बोलतो.

तिसरे पाय. नखे वाढू देऊ नयेत. तळव्याला माणसाला होते तसे कुरूप होते आणि प्रत्येक पाऊल टोचते. आपण समजतो वाताने लंगडतो. एकदा लांब फिरवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे चालवावे. आणि लंगडणे आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर वय झाले म्हणून गप्प बसू नये. या जातीत, विशेषतः ग्रेहाउंडमध्ये, हाडाचा कर्करोग बराच आढळतो. क्ष-किरण फोटो काढून घ्यावा.

चौथे पोट. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे याचे निरोगी रूप. लोक म्हणतात उपाशी ठेवला, म्हणून भरवू नये. वजन वाढले की सांधे बोलतात. पण पाठीचे आणि मांड्यांचे मांस झडत असेल तर नुसत्या भाकरीवर ठेवणे हेही उपाशी ठेवणेच. कांदा, लसूण, चॉकलेट देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे तर मुळीच नाही. त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे ऐकून मी चमकलो. ज्या बागेची त्याने नऊ वर्षे राखण केली, त्याच बागेचे फळ त्याला विष! प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मी किती वेळा प्रेमाने त्याच्यापुढे टाकले असतील! आपल्या डोकेदुखीच्या नि सांधेदुखीच्या गोळ्याही त्याला देऊ नयेत. त्याचे औषध वेगळे, वजनावर मोजलेले असते. पाणी एकाएकी जास्त पिऊ लागला, लघवी वाढली, तर तपासणी करावी.

पाचवे झोप. यांतली काही कुत्री उघड्या डोळ्यांनी झोपतात. अंगाला एकदम हात लावला तर दचकून तोंड टाकतात, आणि आपण म्हणतो म्हातारा पिसाळला. आधी हाक मारावी, मग हात लावावा. कान मंद झाला असेल तर समोरून जाऊन पायाने जमीन थोपटावी. वर्षाचे रेबीजचे इंजेक्शन आणि गोचिडांचा बंदोबस्त हे तर वय कितीही झाले तरी चुकवू नये.

हे सारे लाड आहेत का? शंका रास्त आहे. गावात माणसे अर्धपोटी असता कुत्र्याला वाकळ आणि डॉक्टर कशाला, असे मला एका वृद्ध टाळकऱ्यांनी तोंडावर विचारले. मी त्यांना म्हणालो, "बुवा, माणसाची भाकरी काढून कुत्र्याला द्या असं कुणी म्हणत नाही. पण या कुत्र्याला मुधोळहून आम्ही आणलं, तो आपण होऊन आला नाही. त्याच्या तरुणपणाचा उपयोग आम्ही घेतला. मग म्हातारपण कुणाच्या खात्यावर मांडायचं? गावाच्या?" दानाची गोष्ट असती तर कुणाला आधी, कुणाला नंतर हा विचार योग्य होता. हे दान नाही, हे देणे आहे. रामायणात लक्ष्मण सुग्रीवाला हेच बजावतो की मोठमोठ्या पातकांना प्रायश्चित्त सांगितले आहे, कृतघ्नाला मात्र नाही.

माझी स्वतःची अडचण वेगळीच होती. डॉक्टर म्हणाले, मांस झडते आहे, रोज दोन उकडलेली अंडी द्या. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. आमच्या चुलीवर आजवर अंडे चढले नव्हते. मी दूध, पनीर, डाळ करून पाहिले. दुधाने त्याला हगवण लागली आणि तो अधिक खंगला. दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी मनाने कौल दिला की व्रत माझे आहे, पोट त्याचे आहे. मी घेतलेल्या व्रताचा उपास त्याने का करावा? आमच्या घरचा नियम मी मोडला नाही. सालगड्याच्या चुलीवर अंडी उकडत आणि मी ती हाताने भरवत असे, मग आंघोळ करून पूजेला बसे. कुणाला हे पटणार नाही. त्यांच्याशी माझा वाद नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण आणि कुत्रा एकाच श्लोकात बसवले आहेत, एवढे मात्र त्यांनी आठवावे.

नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी भाकरी देवाच्या घशाला टोचेल. माझ्या कुत्र्याला धावताही येत नव्हते. मला फक्त खाली वाकायचे होते. तेवढे वाकायला मला दोन वर्षे लागली.

पण वाकल्यावर गुण आला. महिन्याभरात जखमा सुकल्या, दात साफ झाल्यावर तो पुन्हा चवीने खाऊ लागला, आणि एका सकाळी बागेच्या बांधापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. तिथे उभा राहून त्याने बागेकडे पाहिले. धावला नाही. मग आम्ही दोघे म्हातारे परत फिरलो. असे वर्ष-सव्वा वर्ष गेले.

यापुढचे सांगणे जड आहे. त्याच्या पुढच्या उजव्या पायावर, मनगटाच्या थोडे वर, सूज आली. तालुक्याला नेऊन फोटो काढला. हाडाचा कर्करोग, आणि छातीतही पसरलेला. पाय कापून उपयोग नव्हता. वेदनेची औषधे दिली. ती काही आठवडे पुरली, मग पुरेनात. डॉक्टर म्हणाले, "महाराज, आता झोपेचं इंजेक्शन द्यावं. त्याला काही कळणार नाही." मी म्हणालो, माळकऱ्याच्या हातून जीवहत्या होणे नाही. तो आपल्या मरणाने जाईल.

बारा दिवस मी या शब्दाला धरून राहिलो. बारा रात्री तो कण्हला. तेराव्या दिवशी त्याने माझ्या हातचे पाणीही घेतले नाही. तेव्हा मी स्वतःला विचारले, मी कुणाला सांभाळतो आहे? हरण्याला, की माझ्या पुण्याला? अहिंसा माझी, आणि तिचे मोल भरायचे त्याने! हाही भक्तत्यागच नव्हे का? एक त्याग हाकलून देऊन होतो, दुसरा दुर्लक्ष करून होतो, आणि तिसरा, सर्वांत सोवळा दिसणारा, आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्याला वेदनेत सोडून होतो.

1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शनाने त्याचा अंत करवला. देशभर गहजब झाला. त्यांनी लिहून उत्तर दिले की दुसऱ्या कोणत्याही मार्गाने वेदना हटत नसेल आणि कर्त्याचा काडीचा स्वार्थ नसेल, तर तो अंत अहिंसेतच बसतो. त्यांचे सगळे मला पटते असे नाही. पण स्वार्थाची अट मात्र काट्यासारखी अचूक आहे. डरहॅमच्या मालकांनी कुत्री मारली ती खर्च वाचवण्यासाठी, ती हत्याच. सांभाळण्याचा कंटाळा आला, रात्री झोप मोडते, म्हणून सुई टोचली तरी ती हत्याच. ज्याने शेवटच्या दिवसापर्यंत वाकळ वाळवली आणि जखम धुतली, त्यालाच हा प्रश्न विचारण्याचा अधिकार येतो. आणि त्यालाही उत्तर सोपे जात नाही.

मी डॉक्टरांना वस्तीवर बोलावले. हरण्याचे डोके मांडीवर घेतले. दादांनी त्याला आणले तेव्हाही तो असाच मांडीवर आला होता. सालगडी पायाशी बसून होता. तोंडाने नाम चालू होते. सुई लागल्यावर त्याचा श्वास आधी मोठा झाला, मग लहान झाला, मग थांबला. बागेच्या बांधावर त्याला पुरले.

मी योग्य केले का? ते बारा दिवस मात्र चुकलेच, एवढे निश्चित सांगतो. उरलेल्याचा निवाडा विठ्ठलाकडे. काही वारकरी बंधू म्हणाले, माळ घालून हे शोभले नाही. त्यांचे पाय धरून मी एवढेच म्हणालो, की त्या बारा रात्री तुम्ही वस्तीवर असायला हवे होता.

महाभारताच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि शेवटी एक कुत्रा आहे. आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञात आलेल्या निरपराध कुत्र्याला मारतात आणि त्याची आई सरमा शाप देते. शेवटी धर्मराज कुत्र्याला सोडत नाही आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. मधे एवढे मोठे युद्ध होऊन गेले. धर्म कुठे असतो हे पाहायला राजे सभेत गेले, रणात गेले. तो मुकाट पायामागून चालत होता.

मायबापहो, आपण पायी चालणारी माणसे. वाटेत कुणाचे पाय सुजले तर दिंडी त्याला टाकून पुढे जात नाही. कुणी तेल लावतो, कुणी पडशी घेतो, कुणी हात धरतो. तीच रीत घरी परतल्यावर अंगणात चालवायची. ज्याने आपल्यासाठी पाय झिजवले, तो बैल असो, कुत्रा असो, की माजघरातल्या अंधारात पडलेली म्हातारी असो, त्याचे पाय थकले म्हणजे आपली सेवा सुरू होते.

धर्मराजाची कथा मी अजून सांगतो. पण आता डोळे पुसून झाले की श्रोत्यांना म्हणतो, "घरी गेल्यावर आधी दारामागं बघा. तिथं कोण पडलंय, आणि त्याच्याखाली अंथरूण आहे का."